न झेलण्याची कला

६ एप्रिल २०१७ रोजी सेंट लुईसच्या बुश स्टेडियमवर कार्डिनल्स आणि शिकागो कब्ज यांचा सामना चालू होता. सातव्या इनिंगमध्ये कार्डिनल्सच्या ब्रेट सेसिलने टाकलेला चेंडू खाली गेला आणि मातीत आपटला. कब्जचा बॅटर मॅट सीझर त्यावर बॅट फिरवून चुकला. तिसरा स्ट्राइक. मागे बसलेल्या कॅचर यादिएर मोलिनाने गुडघे टेकले, चेंडू अंगावर घेतला, आणि मग तो चेंडू शोधायला लागला. पुढे नाही, मागे नाही, पायांत नाही. मोलिना स्वतःभोवती फिरून बघतोय आणि तिकडे सीझर पहिल्या बेसवर पोचलासुद्धा. चेंडू होता मोलिनाच्या छातीवर. कवचाला चक्क चिकटून बसला होता.

त्यानंतर काइल श्वार्बरने तीन धावांचा होमरन मारला आणि कब्जनी सामना ६-४ असा जिंकला. छातीला काही चिकट पदार्थ लावला होता का, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा मोलिना वैतागला. चेंडू का चिकटला या वादात मला फारसा रस नाही. मला त्या प्रसंगाची चव वेगळीच लागते. मातीत पडलेला चेंडू अंगावर घेऊन त्याचा जीव काढायचा, तो उसळून लांब जाऊ द्यायचा नाही, हे कॅचरचं काम. त्या दिवशी मोलिनाने ते इतकं पुरतं केलं की चेंडू खाली पडायचंही विसरला. कामात खोट काढायला जागा नव्हती आणि तरीही बॅटर बेसवर! बेसबॉलमधला सगळ्यात दुर्लक्षित प्रकार समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

या प्रकाराला ब्लॉक म्हणतात. बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. पिचर साडेसाठ फुटांवरून, म्हणजे १८.४४ मीटरवरून, चेंडू टाकतो आणि एरवी तो टप्पा न पडता थेट कॅचरच्या मिटमध्ये जातो. बेसबॉलला टप्पा नकोच असतो. पण चांगले पिचर चेंडू मुद्दाम खाली टाकतात. कर्व्ह किंवा स्प्लिटर प्लेटकडे येताना सरळ वाटतो आणि अखेरच्या क्षणी बुडतो. फसलेला बॅटर त्याच्यावरून बॅट फिरवतो आणि चेंडू प्लेटच्या आसपास मातीत पडतो. तिथून पुढची जबाबदारी कॅचरची. बेसवर रनर असेल आणि चेंडू मागे निसटला, तर रनर पुढच्या बेसवर. तो तिसऱ्या बेसवर असेल तर थेट धाव. त्यात तिसऱ्या स्ट्राइकचा नियम निराळा. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन गडी बाद असतील, तर टप्पा पडलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो, आणि मग त्याला चेंडू लावून किंवा पहिल्या बेसवर फेकून बाद करावं लागतं. हा काही नव्या काळातला खोडसाळपणा नाही. १८४५ सालच्या निकरबॉकर क्लबच्या नियमांतच तिसरा चेंडू झेलला गेला नाही तर बॅटरने पळावं असं होतं.

कॅचर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटचा यष्टिरक्षक येतो, आणि इथेच गल्लत होते. आपल्याकडे कीपरला शिकवतात की टप्प्याबरोबर उठ, हात सैल ठेव, चेंडू येऊ दे. नरेन ताम्हाणे सुभाष गुप्त्यांच्या फिरकीला स्टंपांशी उभे राहायचे ते याच हातांच्या भरवशावर. टप्पा हा कीपरच्या रोजच्या जगण्याचाच भाग आहे. कॅचरच्या दृष्टीने टप्पा म्हणजे बिघडलेला बेत. त्यातून त्याच्या एकाच हातात मिट, दुसरा हात उघडा, चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा आणि जमीन गवताची नव्हे, तर भुसभुशीत मातीची. बुटांनी खरवडलेल्या त्या मातीत चेंडू कुठल्या ढेकळावर आपटेल आणि कुठे वळेल, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून चांगला कॅचर इथे झेलण्याचा नाद सोडतो. ब्लॉक म्हणजे हा चेंडू आपण झेलायचा नाही, हे कबूल करणं.

वाक्य सोपं आहे, अंगात उतरवणं कठीण. कुठल्याही माणसाचा हात येणाऱ्या वस्तूकडे आपोआप जातो. कॅचरचं तर सगळं आयुष्यच त्या हातावर चाललेलं. त्याने मिट पुढे करून टप्पा वेचायचा प्रयत्न केला, तर दहातले सात चेंडू कदाचित सापडतीलही. उरलेले मिटच्या कडेला लागून भलतीकडेच उडतील, आणि तिसऱ्या बेसवरचा रनर त्या उरलेल्यांचीच वाट बघत असतो. लहान मुलांना हे शिकवताना काही प्रशिक्षक हात पाठीमागे बांधायला सांगतात. मुलगा गुडघ्यांवर बसतो, समोरून टप्पा टाकून चेंडू येतो आणि त्याने तो छातीनेच घ्यायचा. सुरुवातीला टेनिसचा चेंडू, नंतर खरा. हात कामाला येऊ नयेत यासाठी शिकवणी लावावी लागणारा हा खेळातला विरळा प्रकार असावा.

आता ती हालचालच जरा सावकाश बघू. ताशी ८५ मैलांच्या वेगाने टाकलेला चेंडू साधारण ०.४५ सेकंदात प्लेटपाशी येतो. तो खाली जाणार हे लक्षात येईपर्यंत यातला बराच वेळ संपलेला असतो. म्हणजे हाती उरतात सेकंदाचे दोन-तीन दशांश. एवढ्या वेळात उकिडवा बसलेला, अंगावर कवचं चढवलेला, बहुधा नव्वद किलोच्या पुढचा माणूस जमिनीवर येतो. तो पडत नाही. पायांचे पंजे मागे सरकतात आणि जिथे पंजे होते तिथे गुडघे येतात. उडी वर नसते आणि पुढेही नसते, नुसता आधार काढून घेतलेला असतो. गुडघ्यांच्या आधी मिट जमिनीला लागतो. हे महत्त्वाचं, कारण शरीरातली सगळ्यात धोक्याची फट दोन मांड्यांमधली. मिट तिथे बसला की दार बंद. उघडा हात मिटच्या मागे लपतो, नाहीतर बोटं मोडतात. कोपरं बरगड्यांना लागतात.

मग येतो माझ्या आवडीचा भाग. खांदे पुढे वळतात, पाठीला बाक येतो, हनुवटी छातीला टेकते. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस घाबरून अंग चोरतोय असं वाटेल. पण त्या बाकामुळे छाती जमिनीकडे झुकते, आणि तिच्यावर आदळलेला चेंडू समोर न उडता खाली, गुडघ्यांच्या पुढ्यात पडतो. छाती ताठ ठेवली तर ती भिंत होते आणि भिंतीवरून चेंडू परत येतो. ती सैल आणि झुकलेली हवी. काही प्रशिक्षक आघाताच्या क्षणी श्वास सोडायला सांगतात तो त्यासाठीच. अंगावर दगड येत असताना अंग सैल सोडायचं! चांगला ब्लॉक झाला की आवाजसुद्धा बदलतो. मिटमध्ये बसलेल्या चेंडूचा खणखणीत ठोका वेगळा, आणि हा गादीवर बुक्की मारल्यासारखा भदकन येणारा आवाज वेगळा.

चेंडू बाजूला गेला तर हेच सगळं तिरकं करावं लागतं. उजवीकडे गेला तर उजवा गुडघा आधी निघतो, पण बाहेरचा खांदा आत वळवून छातीचं तोंड प्लेटकडेच ठेवायचं. नुसतं आडवं सरकलं तर चेंडू छातीला घासून पुढे पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या दिशेने पळतो. प्लेट मध्यभागी धरून एक कमान आखली, तर कॅचर त्या कमानीवरून सरकतो, सरळ रेषेवरून नाही. कच्च्या आणि पक्क्या कॅचरमधला फरक मला या खांद्यात दिसतो. गुडघे सगळेच टेकतात.

आणि डोळे उघडे. मान वळवायची नाही. यात शौर्यापेक्षा हिशोब जास्त आहे. कॅचरचं चिलखत कुणी एकाने ठरवून बनवलेलं नाही, ते एकेका दुखापतीतून तुकड्यातुकड्याने जमा होत गेलं. हार्वर्डच्या फ्रेड थेयरने १८७०च्या दशकात तलवारबाजीच्या मुखवट्यावरून मास्क बेतला. १९०७मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा रॉजर ब्रेस्नहान उघडपणे नडगीवर पॅड बांधून आला. १९७६मध्ये डॉजर्सचा स्टीव्ह येगर आपल्या बॅटिंगची वाट बघत उभा असताना मोडलेल्या बॅटचा तुकडा त्याच्या गळ्यात घुसला. त्यातून तो वाचला, आणि मग मास्कखाली लोंबणारी गळ्याची पट्टी आली. या सगळ्या वस्तू फक्त पुढच्या बाजूला आहेत. पाठ, मानेची बाजू, दंडाची आतली बाजू हे सगळं उघडं. म्हणजे चेंडूकडे तोंड करून राहिलं तर कॅचर सुरक्षित, आणि भीतीने मान वळवली की इजा. शरीराची नैसर्गिक बुद्धी आणि चिलखताची रचना एकमेकींच्या उलट आहेत. दुसरीवर विश्वास ठेवायला वर्षं लागतात. तरीही दंड आणि मांड्या काळ्यानिळ्या व्हायच्या त्या होतातच.

हे झालं शरीराचं. पण ब्लॉकची खरी सुरुवात चेंडू सुटण्याच्या आधी होते, आणि टीव्हीवर ती निसटते. कुठला चेंडू टाकायचा हे बहुतेक वेळा कॅचरच सुचवतो. पूर्वी मांड्यांमध्ये बोटांच्या खुणा करून, २०२२पासून मनगटावरच्या किंवा पायावरच्या पॅडची बटणं दाबून. पिचरच्या टोपीतल्या छोट्या स्पीकरमध्ये त्याला ते ऐकू येतं. समजा दोन स्ट्राइक झालेत आणि तिसऱ्या बेसवर रनर आहे. कॅचर कर्व्ह मागतो. वर मिटची बोटं खाली झुकवून मातीवर थोपटतो, म्हणजे इथे टाक, मातीत टाकलास तरी चालेल. ही साधीशी खूण मला फार मोठी वाटते. पिचरच्या मनात त्या क्षणी एकच धास्ती असते, की चेंडू मागे निसटला तर धाव जाईल. त्याला कॅचरचा भरवसा नसेल तर तो चेंडू दोन-चार इंच वर ठेवतो, आणि वर ठेवलेला कर्व्ह म्हणजे बॅटरला बसल्या जागी मेजवानी. भरवसा असेल तर तो चेंडू मनसोक्त बुडवतो आणि बॅटर हवेत बॅट फिरवून परत जातो. स्कोअरबुकात तो स्ट्राइकआउट पिचरच्या नावावर लागतो. त्यात कॅचरच्या गुडघ्यांचा वाटा किती, याची नोंद कुठेच नाही.

नोंदीचा कारभारच गमतीचा आहे. चेंडू निसटून रनर पुढे गेला तर दोन शक्यता असतात, वाइल्ड पिच किंवा पास्ड बॉल. पहिली चूक पिचरची, दुसरी कॅचरची. पण कॅचरकडे येण्याआधी चेंडूचा टप्पा पडला असेल, तर नियमाप्रमाणे ती कायम वाइल्ड पिच. म्हणजे मातीतला चेंडू सोडला म्हणून कॅचरवर कागदोपत्री ठपका येत नाही, आणि अडवला म्हणून त्याच्या नावावर काही जमाही होत नाही. एका रात्रीत आठ चेंडू छातीवर घेणाऱ्याची वहीत ओळसुद्धा नसते. मोलिनाने २००४ ते २०२२ अशी एकोणीस वर्षं एकाच संघासाठी कॅचिंग केलं, उत्तम क्षेत्ररक्षणासाठीचे नऊ गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवले. त्याचे बेंजी आणि होसे हे दोघे थोरले भाऊही कॅचर, आणि पोर्तो रिकोच्या त्या घरात तिघांकडेही वर्ल्ड सिरीजची अंगठी. त्याच्या कामातला हा भाग मोजायला चाहत्यांकडे बरीच वर्षं डोळ्यांखेरीज काही साधन नव्हतं.

मोडलेला ब्लॉक वाचायचा तर मी २ नोव्हेंबर २०१६ची रात्र निवडतो. क्लीव्हलँडमध्ये वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना. कब्जना १९०८नंतर विजेतेपद मिळालेलं नव्हतं. पाचव्या इनिंगच्या उत्तरार्धात ते ५-१ असे पुढे होते, क्लीव्हलँडचे दोन गडी बाद होते आणि पहिल्या बेसवर कार्लोस सँटाना होता. व्यवस्थापक जो मॅडनने पिचर बदलून जॉन लेस्टरला आणलं, आणि लेस्टर आला म्हणून त्याच्याबरोबर कॅचरही बदलला. विल्सन कॉन्ट्रेरास बाहेर, डेव्हिड रॉस आत. रॉस एकोणचाळीस वर्षांचा, हा त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना, आणि लेस्टरचा तो हक्काचा कॅचर. बोस्टनपासून दोघांची जोडी. आतापर्यंत तो बाकावर होता.

पहिलंच काम अंगाशी आलं. जेसन किपनिसचा हळू चेंडू प्लेटच्या पुढे घरंगळला, रॉसने तो उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि फेक चुकली. रनर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. आता बॅटिंगला फ्रान्सिस्को लिंडोर. लेस्टरचा एक चेंडू मातीत पडला, उसळला आणि रॉसच्या मास्कवर जाऊन आदळला. रॉसचा तोल गेला. चेंडू कुठे गेला हे कळून तो सावरून त्याच्यामागे जाईपर्यंत सँटाना तर आलाच, त्याच्यामागून किपनिससुद्धा दुसऱ्या बेसवरून थेट घरी. एका वाइल्ड पिचवर दोन धावा. ५-३.

पुन्हा पुन्हा पाहिलं की या दृश्यात काय चुकलं ते हळूहळू उमगतं. रॉस चेंडूच्या आड आला होता. मान वळवली नव्हती, नाहीतर चेंडू मास्कवर समोरून लागला नसता. धीर होता, जागा होती. फक्त टप्पा अपेक्षेपेक्षा वर उठला आणि चेंडू छातीऐवजी चेहऱ्यावर गेला. तेवढ्याने सगळं बदललं. छातीचं कवच मऊ, झुकलेलं, चेंडू जिरवणारं. मास्क कडक, चेंडू झिडकारणारा. डोक्याला बसणारा धक्का बाजूला वळवणं हेच त्याचं काम, आणि ते त्याने चोख केलं. ज्या गुणाने डोकं वाचतं, त्याच गुणाने चेंडू हातचा जातो. छाती आणि मास्क यांत अंतर वीतभराचं. दोन धावा त्या वीतभरात गेल्या.

त्यातही दुसरी धाव अधिक बोलकी आहे. तिसऱ्या बेसवरून येणं बाकी कोणीही केलं असतं. किपनिस दुसऱ्या बेसवरून निघाला आणि थांबलाच नाही. दोन गडी बाद असल्याने तो आधीच पाऊल टाकून असणार, पण खरं कारण त्याने पाहिलेला रॉसचा गेलेला तोल. ब्लॉकचा उत्तरार्ध म्हणजे चेंडू अडवल्यावर उठून तो पकडणं. इथे पूर्वार्ध फसला म्हणून उत्तरार्धाला वेळ लागला, आणि त्या वेळाची किंमत आणखी नव्वद फूट. रनर कॅचरला वाचत असतात, आपण प्रेक्षक वाचत नाही तेव्हासुद्धा.

रॉसच्या बाबतीत मास्कवरच्या त्या आघाताला आणखी एक पदर आहे. २०१३मध्ये बोस्टनकडून खेळताना डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे त्याला जवळपास दोन महिने खेळता आलं नव्हतं. डोक्याला इजा झालेल्या माणसाने तीन वर्षांनी, कारकिर्दीच्या शेवटच्या रात्री, मातीतून उसळणाऱ्या चेंडूसमोर चेहरा समोर ठेवणं, ही गोष्ट धावफलकावर ५-३ एवढीच दिसते.

लिंडोर स्ट्राइकआउट झाला, इनिंग संपली. पुढच्याच इनिंगमध्ये रॉसने अँड्र्यू मिलरला होमरन मारला. मिलर त्या ऑक्टोबरातला सगळ्यात अवघड रिलीफ पिचर, आणि रॉस कधीच बॅटिंगसाठी प्रसिद्ध नव्हता. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात होमरन मारणारा तो सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरला. कब्जनी दहाव्या इनिंगमध्ये सामना ८-७ असा जिंकला. त्या रात्रीबद्दल लोक रॉसचा होमरन सांगतात, सांगणारच. मी मात्र त्याआधीचा तो फसलेला ब्लॉक जास्त वेळा पाहिला आहे. होमरनमध्ये वाचण्यासारखं फार नसतं. चेंडू बॅटवर बसला आणि कुंपणापलीकडे गेला, एवढंच.

पूर्वसूचना नसेल तर या कलेचं काय होतं, याचा धडा २००४ सालच्या बोस्टन-यांकीज मालिकेत सापडतो. अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीचा पाचवा सामना, फेनवे पार्क, जादा इनिंग चाललेल्या. टिम वेकफिल्ड नकलबॉल टाकत होता. या चेंडूला जवळजवळ फिरकीच नसते, त्यामुळे तो हवेत कसाही डगमगतो आणि टाकणाऱ्यालाही त्याची दिशा माहीत नसते. वेकफिल्डचा नेहमीचा कॅचर डग मिराबेली त्या वेळी खेळत नव्हता, मागे होता जेसन व्हेरिटेक. तेराव्या इनिंगमध्ये त्याच्याकडून तीन पास्ड बॉल झाले. रनर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर पोचले, आणि मग रुबेन सिएराला स्ट्राइकआउट करणारा शेवटचा चेंडू व्हेरिटेकच्या हातात राहिला. व्हेरिटेक काही कच्चा कॅचर नव्हता, तो संघाचा आधारस्तंभ होता. पण चेंडू आपण मागितलेला असला तरी त्याचं पुढचं वागणं ठाऊक नसेल, तर गुडघे कधी सोडायचे हे शरीराला कोण सांगणार? सामना बोस्टनने चौदाव्या इनिंगमध्ये ५-४ असा जिंकला. त्या वेळी स्टेडियममध्ये बसलेल्यांनी तेराव्या इनिंगमध्ये श्वास कसा घेतला असेल कोण जाणे.

गेल्या काही वर्षांत या कलेचं रूपच पालटलं आहे, आणि त्यावर जुने कॅचर टीव्हीवर बसून तोंड वाकडं करतात. पूर्वी बेसवर रनर असला की कॅचर दोन्ही पावलांवर, कंबर थोडी वर उचलून बसे, म्हणजे कुठेही झेपावता यावं. आता बरेच जण एक गुडघा आधीच जमिनीवर टेकून बसतात. ही लाट मिनेसोटा ट्विन्सने आणि त्यांचे प्रशिक्षक टॅनर स्वॉनसन यांनी मोठी केली; २०१९मध्ये मिच गार्व्हर त्या पद्धतीने बसायला लागला तेव्हा ती सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. मूळ हेतू ब्लॉकचा नव्हताच. खालचा चेंडू अलगद उचलून अंपायरला तो स्ट्राइक वाटावा, हा होता. दोन्ही पावलांवर बसून चेंडू अडवणाऱ्यांना हे आळशीपणाचं वाटलं. अर्थात पाय पसरून बसणं अगदीच नवं नाही. ऐंशीच्या दशकात टोनी पेन्या एक पाय सरळ बाजूला पसरून बसायचा, आणि त्याला गोल्ड ग्लोव्हही मिळाले.

आकडे काय सांगतात? आता प्रत्येक चेंडू कुठे पडला, किती वेगाने, कुठल्या प्रकारचा, कॅचर कुठे होता, यावरून तो अडवला जाण्याची शक्यता काढतात आणि सरासरीपेक्षा किती चेंडू जास्त अडवले ते मोजतात. असा एक जास्तीचा ब्लॉक म्हणजे सुमारे पाव धाव, असा हिशोब धरला जातो. म्हणजे असे चार जास्तीचे ब्लॉक केले की एक धाव वाचली. आणि एका गुडघ्यावर बसल्याने ब्लॉकचं म्हणावं तसं नुकसान झालेलं नाही, असं या मोजदादीवर विसंबून प्रशिक्षक सांगतात. पटण्यासारखंही आहे: एक गुडघा आधीच खाली असल्याने अर्धं पडणं आधीच झालेलं असतं, आणि शरीर जमिनीजवळ असल्याने मिट चटकन फट बुजवतो.

तरी माझं मत विचाराल तर, समोरून येणाऱ्या चेंडूला एका गुडघ्याची बैठक पुरते. बाजूला फेकलेल्या चेंडूला नाही. टेकलेला गुडघा ढकलून दुसऱ्या बाजूला सरकायचं तर आधी तो उचलावा लागतो, आणि तेवढ्यात मघाशी सांगितलेली ती कमान मोडते. मग कॅचर मिट लांबवतो, म्हणजे पुन्हा झेलायला जातो. पाव धावेच्या हिशोबात हे किती बसतं ते संघांचे विश्लेषक जाणोत. मला वाचताना खटकतं ते मिटचं लांबणं. बसा कसंही, पण जुन्या कॅचरांनी मोठ्या कष्टाने हातातून काढून टाकलेली ती खोड परत येऊ नये.

पुढच्या वेळी बेसबॉल लागला आणि तिसऱ्या बेसवर रनर दिसला, तर बॅटरला थोडा वेळ सोडून द्या. कॅचरचा मिट मातीवर थोपटतो का ते पाहा. चेंडू आपटला की त्याचा बाहेरचा खांदा आत वळला का ते पाहा. आणि सगळ्यात शेवटी पिचरचा पुढचा चेंडू पाहा. तो पुन्हा तितकाच खाली आला, तर त्या कॅचरला शंभरपैकी शंभर गुण द्या, मग धावफलकावर काहीही असो.